सिनियर वर्गाचं विनोदी नाटक बसतंय : तालमी, नटसंच, दारं आणि बाकी सगळं

विंगेतली_आई

नमस्कार मंडळी.

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कूलांमध्ये सिनियर म्हणजे बारावीचा वर्ग शाळा सोडण्याआधी एक नाटक करतो. शाळेच्या नाट्यमंडळाचं नाटक वेगळं, हे वेगळं. यात फुटबॉल खेळणारा येतो, बँडमधली येते, चार वर्षांत कधी स्टेजवर न चढलेला मुलगाही येतो. तिकिटांचे पैसे वर्गाच्या निधीत जातात आणि त्यातून प्रॉमचा (शाळेच्या नाचाच्या समारंभाचा) किंवा ग्रॅज्युएशनचा काही खर्च भागतो. माझ्या लेकीच्या वर्गाने यंदा फार्स निवडलाय. एकच दिवाणखाना, पाच दारं, भलत्याच माणसाच्या हातात पडलेली चिठ्ठी, आणि शेवटी सगळे एका खोलीत. दिग्दर्शन इंग्रजीच्या बाई करतात. मी मराठी मंडळाच्या एकांकिकांत बरीच वर्षं कामं केली आहेत, म्हणून बाईंनी तालमींना मदतीला बोलावलं.

धागा काढायचं कारण असं. विनोदी नाटक ठरलं की शाळेत सगळ्यांचा सूर एकच लागतो, ‘मुलांना मजा करू दे, फार ताणू नका.’ मला हे अजिबात पटत नाही. गंभीर नाटकात प्रेक्षक गप्प बसला तर नटाला वाटतं, गुंतलाय. विनोदी नाटकात गप्प बसला तर वाक्य पडलं, हे सतरा वर्षांच्या पोराला त्याच क्षणी, सगळ्या शाळेसमोर कळतं. कच्च्या तयारीवर त्याला तिथे उभं करणं हा अन्याय आहे. मजा यावी म्हणूनच तालीम कडक हवी.

सध्या अडलंय ते हे : मुलं आपल्याच वाक्यांना हसतात. दर तालमीला कुणी ना कुणी पदरची वाक्यं घालतं. आणि ऑडिशनला मुली खूप, मुलगे कमी, संहितेत नेमकं उलटं. ज्यांनी शाळेत, मंडळात, स्पर्धेसाठी नाटकं बसवली आहेत त्यांनी कृपया लिहा. सविस्तर लिहा.

दुसरी_घंटा

छान विषय. आधी एक विचारते, प्रयोगाचे हक्क रीतसर घेतलेत ना? बाकीचं बरंच त्यावर अवलंबून आहे. पदरच्या वाक्यांचं तर नक्कीच.

विंगेतली_आई

हो, शाळेने घेतलेत. हायस्कूल आवृत्ती आहे, म्हणजे थोडी आखूड आणि भाषा जरा सौम्य केलेली. करार बाईंकडे आहे. त्यात नेमकं काय बघायचं ते कुणी सांगेल का?

कागदपत्री

मी सांगतो, इथल्या एका शाळेच्या नाटकांचं हेच काम माझ्याकडे असतं.

शाळेचं नाटक, तेही फुकट, मग परवानगी कशाला, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कलम ११० खाली शाळांना सवलत आहे, पण ती वर्गात शिकवताना केलेल्या सादरीकरणापुरती. संध्याकाळी पालकांसमोर प्रयोग लावला की ती लागू होत नाही. त्याच कलमात बिनानफ्याच्या विनामूल्य कार्यक्रमांनाही एक सवलत आहे, पण ती गाण्यांसारख्या नाट्येतर कृतींना. नाटक त्यात बसत नाही. म्हणून तिकीट लावलं नाही तरी रॉयल्टी भरावीच लागते. कॉनकॉर्ड, ड्रॅमॅटिस्ट्स प्ले सर्व्हिस, प्लेस्क्रिप्ट्स अशा संस्था हक्क देतात आणि आकारणी दर प्रयोगामागे होते. साध्या नाटकाला एका प्रयोगाचे शंभर डॉलरच्या आसपास धरून चाला, म्युझिकलला त्याच्या कितीतरी पट.

करारात बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय एकही शब्द बदलायचा नाही. शिवी गाळायची असली तरी विचारायचं, पुरुष पात्र स्त्री करायचं असलं तरी विचारायचं. विचारलं तर पुष्कळदा ‘हो’ म्हणतात, पण उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा भूमिका वाटण्याआधीच ईमेल करा. संहितेच्या झेरॉक्स काढायच्या नाहीत. पोस्टरवर लेखकाचं नाव ते सांगतील त्या आकारात छापायचं. आणि चित्रीकरणाची परवानगी वेगळी असते, ती प्रयोगाच्या हक्कात धरलेली नसते. हे पालकांना आधीच सांगून टाका, ऐन वेळी फोन वर गेले की वाद होतात.

ज्यांचं नाटक अजून ठरलेलं नाही त्यांच्यासाठी : १९३० च्या आधी प्रसिद्ध झालेली नाटकं अमेरिकेत मुक्त आहेत. ऑस्कर वाइल्डचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ १८९५ चं. नऊ पात्रं, रॉयल्टी नाही, वेळेत बसवायला कापलं तरी कुणाला विचारावं लागत नाही. मोलिएरच्या बाबतीत मात्र सावध राहा. मूळ फ्रेंच नाटक मुक्त आहे, पण तुमच्या हातातलं इंग्रजी भाषांतर अलीकडचं असेल तर त्याचे हक्क भाषांतरकाराचे.

तालीममास्तर

आता तालमीबद्दल. थोडं लांबेल.

मुलं स्वतः हसतात याचा राग धरू नका, पण खपवूनही घेऊ नका. ती हसतात कारण वाक्य विनोदी आहे हे त्यांना माहीत असतं. पात्राला ते माहीत नसतं. फार्समधल्या माणसाची अवस्था खरं तर भयंकर असते. नोकरी जायची वेळ आलेली असते, लग्न मोडायला आलेलं असतं, कपाटात लपवलेला माणूस कुठल्याही क्षणी शिंकणार असतो. प्रत्येक मुलाला विचारा, ‘या प्रवेशात तुला काय हवंय? नाही मिळालं तर तुझं काय होईल?’ याचं उत्तर ज्याला देता येतं त्याचं हसू आपोआप आटोक्यात येतं. ‘मोरूची मावशी’ आठवा. अत्र्यांनी ते ‘चार्लीज आंट’ या १८९२ च्या इंग्रजी नाटकावरून घेतलं. त्यातला पुरुष बायकी चाळे करून दाखवायला मावशी होत नाही, तो सापडू नये म्हणून जीव तोडून मावशी राहतो. ही धडपड ज्या नटाला कळते त्याचंच नाटक चालतं.

हशासाठी थांबणं शिकवावं लागतं, ते अंगचं नसतं. हशा चढतो, टोकाला जातो आणि उतरू लागतो. उतरू लागला की पुढचं वाक्य टाकायचं. पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर नाटक ढेपाळतं. चढत असताना बोललात तर वाक्य वाहून जातं, आणि प्रेक्षकाला पुढचं ऐकायचं असतं म्हणून तो पुढच्या वेळी हसू आवरतो. त्याची सवयच मोडते. थांबलेल्या वेळात नटाने पुतळा व्हायचं नाही. कप उचलायचा, दाराकडे बघायचं, प्रसंगात राहायचं. तालमीत हशा नसतो, म्हणून मी कोपऱ्यात बसून जिथे हशा अपेक्षित आहे तिथे टाळ्या वाजवतो. कधी आखूड, कधी लांब, कधी अजिबात नाही. त्याने मुलं आकडे मोजून थांबत नाहीत, ऐकून थांबतात. मला वाटतं विनोदी नाटकातलं सगळ्यात मोठं शिक्षण हेच आहे. समोरच्या काळोखातली माणसं काय करताहेत ते ऐकत ऐकत बोलणं.

ज्या शब्दावर हशा आहे तो बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी असतो आणि मुलं नेमका शेवटी आवाज सोडतात. तेवढं एक सुधारलं तरी पुष्कळ. दुसऱ्याच्या विनोदाच्या वाक्यावर हलायचं नाही, केस सावरायचे नाहीत, कारण प्रेक्षकाची नजर हालचालीकडे जाते. आणि विनोदाच्या आधीचं वाक्य, ज्यात माहिती असते, ते स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे. ते पुटपुटलं तर नंतरचं कितीही झकास म्हटलं तरी वाया जातं. मुलं म्हणतात ‘माझं वाक्य पडलं’, आणि चूक असते आधीच्या वाक्याची.

पाठांतर झालं की अधूनमधून इटालियन रन घ्या. हालचाली नाहीत, गोल बसायचं आणि अख्खं नाटक जमेल तितक्या वेगाने म्हणायचं. कुणाची एन्ट्री कुठे लोंबते ते लगेच कळतं.

पदरच्या वाक्यांचं मूळ कंटाळ्यात आहे. काही आठवड्यांनी तालमीत कुणीच हसत नाही, कारण सगळ्यांना सगळं पाठ असतं. मुलांना वाटतं विनोद शिळा झाला. मग ॲडिशन सुरू होतात, तोंडं वेडीवाकडी होतात, आवाज चढतात. आपल्या रंगभूमीवर मोठ्या नटांच्या ॲडिशन कौतुकाने सांगितल्या जातात, पण फार्समध्ये जवळजवळ प्रत्येक वाक्यावर कुणाचं तरी दार उघडणार असतं. मधे चार शब्द घातले की दारामागचा चुकतो, आणि त्याच्यामागचे सगळे. हे मुलांना तत्त्व म्हणून सांगू नका. तालमीत एकदा घालू द्या आणि पुढची सगळी घसरण त्यांना बघू द्या. उपाय एकच, रंगीत तालमीच्या आधी नवे कान आणा. खालच्या वर्गातली, नाटक माहीत नसलेली मुलं बसवा.

क्यू_लाइट

तालीममास्तर, ‘आधीच्या वाक्याचा’ मुद्दा छापून विंगेत लावण्यासारखा आहे.

माझं म्हणणं स्टेज मॅनेजरबद्दल. हे काम एखाद्या सिनियर मुलीला किंवा मुलालाच द्या आणि पूर्ण अधिकाराने द्या. प्रॉम्प्ट बुकमध्ये, म्हणजे सगळ्या सूचना लिहिलेल्या संहितेत, प्रत्येक दिवा, प्रत्येक आवाज, प्रत्येक दार. आधी ‘स्टँडबाय’, मग ‘गो’, आणि हेडसेटवर ‘गो’ हा शब्द दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नाही. फार्समध्ये दारावरची घंटा अर्धा सेकंद उशिरा वाजली तर नट कितीही चांगला असो, प्रसंग मरतो. बॅकस्टेजची मुलं स्वतःला दुय्यम समजतात, त्यांना एकदा घंटा चुकवून आणि एकदा बरोबर वाजवून तो प्रवेश दाखवा. शाळेत इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटीची (नाटक करणाऱ्या शाळकरी मुलांच्या संस्थेची) शाखा असेल तर सदस्यत्वासाठी बॅकस्टेजच्या कामाचेही गुण धरतात, हेही सांगा.

नेपथ्यवाला

पाच दारं म्हटल्यावर मला लिहावंच लागणार.

फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचे सुटे तुकडे, ४ बाय ८ फुटांचे करतात. दारांचे फ्लॅट कापडाचे करू नका, पातळ प्लायवुडचे करा. कापडाच्या भिंतीत दार आपटलं की सगळी भिंत थरथरते आणि प्रेक्षक भिंतीकडेच बघत राहतो. प्रत्येक चौकटीला मागून दोन्ही अंगांनी तिरके आधार द्या आणि त्यावर वजनं ठेवा. बाजूच्या भिंतीतलं दार विंगेच्या दिशेने उघडावं आणि बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या कडेला असाव्यात. असं केलं की आत येणारा नट दाराआड जात नाही, चेहरा लगेच दिसतो. प्रत्येक दारामागे भिंतीचा एखादा रंगवलेला तुकडा उभा करा, नाहीतर दार उघडलं की शिडी आणि पाण्याच्या बाटल्या दिसतात.

सगळ्यात महत्त्वाचं, दारं तालमीला लवकर द्या. रंग नंतर होईल. मुठीला हात लागण्यापासून दार बंद होण्यापर्यंतचा वेळ हा संहितेचाच भाग आहे, आणि हवेतलं दार उघडायला काहीच वेळ लागत नाही. खरं दार शेवटच्या आठवड्यात आलं तर मुलांना सगळं टायमिंग पुन्हा शिकावं लागतं. सेटचं सामान आगरोधक आहे ना, बाहेर पडायचे रस्ते मोकळे आहेत ना, हे शाळेकडून आधी तपासून घ्या.

ओहायोकर

मुली जास्त असतील तर दोन नटसंच का करत नाही? एक शुक्रवारी, एक शनिवारी. आमच्याकडे तसं केलं. सिनियर वर्ष आहे, कुणाला ‘नाही’ म्हणायला लागू नये. शेवटची संधी असते त्यांची.

तालीममास्तर

भावना समजते, तरी माझा विरोध. दोन संच म्हणजे प्रत्येकाला निम्मी तालीम. विनोदी जोडी एकमेकांच्या श्वासावर चालते, त्याला तास लागतात. दोन्ही संच अर्धेकच्चे उभे राहतात आणि मुलांना ते कळतं.

ओहायोकर

मान्य की तालीम कमी मिळते. पण आमच्या दुसऱ्या संचातली एक मुलगी, जी एरवी वर्गात बोलत नसे, तिचं काम लोकांच्या लक्षात राहिलं. एकच संच असता तर तिची निवड झालीच नसती. मला तो व्यवहार परवडतो.

दुसरी_घंटा

दोघांचंही खरं आहे, पण मधला मार्ग आहे. कागदपत्रींनी वर लिहिलंय तसं हक्क देणाऱ्यांना विचारा. डॉक्टर, इन्स्पेक्टर, शेजारी, वकील ही पात्रं स्त्री केल्याने फार्सला बहुधा काही होत नाही. प्रियकर-प्रेयसीच्या जोडीत मात्र हात घालू नका, तिथे कथानकच बदलतं.

पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी लिहून ठेवते. ‘यू कान्ट टेक इट विथ यू’ हे १९३६ चं नाटक, त्याला १९३७ चं पुलित्झर मिळालं होतं. शाळांमध्ये काय काय होतं याची पाहणी एज्युकेशनल थिएटर असोसिएशन करते, त्यात ते कित्येक दशकं दिसतंय. भलामोठा नटसंच, आणि चार ओळींच्या माणसालाही लक्षात राहील असं काही करायला मिळतं. सिनियर वर्गाला असंच नाटक हवं.

विंगेतली_आई

बाईंशी बोलले. संच एकच ठेवायचा ठरला. दोन भूमिका स्त्री करायला परवानगी मागितली होती, ती मिळाली. मुख्य चार भूमिकांना अंडरस्टडी (बदली नट), आणि त्यांना एक पूर्ण तालीम स्टेजवर मिळणार. दारांच्या चौकटी पुढच्या आठवड्यात उभ्या राहतील. नेपथ्यवाले, बिजागऱ्यांचं वाचून आमच्या सुतारकाम करणाऱ्या बाबांनी नकाशा पुन्हा काढला, तुम्हाला मनापासून धन्यवाद.

बे_एरियाची_मावशी

एक वेगळा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने गंभीर. नटसंचात आपली मुलं असतील तर लक्ष ठेवा. माझ्या भाच्याला अशाच एका नाटकात डॉक्टरची छोटी भूमिका होती. वाचनाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, भारतीय ॲक्सेंटमध्ये कर. त्याने केलं, सगळे खूप हसले. मग ते तसंच ठेवायचं ठरलं. संहितेत त्या डॉक्टरला ना देश होता ना ॲक्सेंट. पोरगा घरी काही बोलला नाही, पण आजोबांशी फोनवर बोलताना तो गप्प गप्प राहू लागला, तेव्हा आम्ही खोदून विचारलं. त्याचं म्हणणं होतं, ‘ते वाक्याला हसत नाहीत, आजोबांना हसतात.’

आम्ही दिग्दर्शकांना भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि ॲक्सेंट काढला. भूमिका तीच राहिली, आणि त्याला त्यात खरा हशा मिळाला, डॉक्टरच्या घाबरटपणावर. मुलं अशा वेळी ‘नाही’ म्हणत नाहीत, कारण मित्र हसताहेत. तो ‘नाही’ मोठ्यांनी त्यांच्या वतीने म्हणायचा असतो.

कागदपत्री

+१. आणि हे करारातही बसतं. संहितेत नसलेला ॲक्सेंट पात्रालाच बदलून टाकतो. दिग्दर्शकांशी बोलताना ही बाजू मांडायला सोपी जाते.

विंगेतली_आई

मावशी, हे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्याकडे असं अजून झालेलं नाही, पण बाईंना तुमचा प्रतिसाद समजावून सांगितला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या मुलांना सांगितलं की कुणाच्या घरच्या बोलण्यावर, दिसण्यावर, अंगकाठीवर हशा काढायचा नाही. हशा कथानकातून येईल. एका मुलीने नंतर बाईंना थांबवून ‘थँक यू’ म्हटलं. ती भारतीय नाही.

तालीममास्तर

प्रयोग कधी आहे? सिनियरांचं वेळापत्रक बघून ठरवलंय ना?

विंगेतली_आई

एप्रिलच्या मध्यावर. मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा असतात, त्याच्या आत उरकायचं होतं. पण मार्चअखेर तालमींचा जोर आणि त्याच सुमाराला कॉलेजांचे निकाल. त्याची मला काळजी आहे.

दुसरी_घंटा

रास्त काळजी आहे. काही मोठ्या कॉलेजांचे निकाल एकाच संध्याकाळी लागतात. एकाला मिळालेलं असतं, शेजारच्याला नाही, आणि दोघांनी मिळून विनोदी प्रवेश करायचा. त्या दिवशी तालीम ठेवूच नका. सेट रंगवायला बोलवा. ज्याला बोलायचंय तो बोलेल, ज्याला नाही तो भिंत रंगवेल, आणि दोघंही घरी एकटे बसणार नाहीत. दुसऱ्या दिवशी इटालियन रन, म्हणजे अभिनय न करता पुन्हा सुरुवात होते.

विंगेतली_आई

अपडेट. दुसऱ्या घंटेचं ऐकलं. त्या संध्याकाळी दिवाणखान्याच्या भिंती रंगल्या. दोघीजणी रडल्या, बाकीच्यांनी त्यांना घेरून ठेवलं, कामही झालं.

काल नववीतली मुलं बसवून तालीम केली. पहिल्या अंकात मुलं हशाला थांबायलाच तयार नव्हती, तीन चांगली वाक्यं बुडाली. मध्यंतरात बाई इतकंच म्हणाल्या, ‘ते तुमच्याशी बोलताहेत, त्यांना बोलू द्या.’ दुसऱ्या अंकात बदल दिसला. कपाटाच्या प्रवेशात हशा उतरेपर्यंत आमचा नायक नुसता दाराची मूठ धरून उभा राहिला आणि त्यावर आणखी एक हशा आला, जो संहितेत कुठे लिहिलेला नाही. त्याने एकही शब्द पदरचा घातला नव्हता. जिथे आम्हाला हमखास वाटत होतं अशा दोन जागा साफ पडल्या. शोधलं तर दोन्हीकडे आधीचं वाक्य पाठमोरं बोललं जात होतं. आज ते सरळ केलं.

चित्रीकरणाचं विचारलं होतं. आमच्या नाटकाला ती परवानगी मिळत नाही. भारतातल्या आजी-आजोबांना दाखवता येणार नाही याचं वाईट वाटतं. रंगीत तालमीचे फोटो काढणार आहोत, त्याला हरकत नाही असं लेखी आलंय.

नेपथ्यवाले, शेवटचा प्रश्न. प्रयोगानंतर त्याच रात्री सेट उतरवायचा आहे आणि बाईंना दारं पुढच्या वर्गासाठी ठेवायची आहेत. ती कशी ठेवायची?

नेपथ्यवाला

दारं चौकटीतून काढू नका, चौकटीसकट ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी बसणार नाहीत. दार बंद करून पट्टी मारा, म्हणजे उचलताना उघडणार नाही. फ्लॅट एकमेकांना जोडणारे सगळे स्क्रू काढून एका डब्यात घाला, एकही टोक बाहेर राहू देऊ नका. फ्लॅट उभे ठेवा, आडवे रचले तर वाकतात. भिंतीला दोरीने बांधा. प्रत्येकाच्या मागे मार्करने लिहा, कुठली बाजू, कुठलं दार, शेजारी कोण. आणि उतरवायला नटांनाही थांबवा, फक्त बॅकस्टेजवर सोडू नका. हेल्मेट आणि हातमोजे सगळ्यांना पुरतील एवढे आहेत का ते आधी बघा.